कंपायलर आहे, पण त्याचं नाव जीसीसी नाही. बिल्डला हे कसं पटवायचं?

पर्जन्यमापक:

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे, ज्यांना रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमच्या विभागात एक सामायिक सर्व्हर आहे. त्यावर सेंटओएस 7, आणि रूट (ॲडमिनचा अधिकार) अर्थातच आमच्या हातात नाही. सिस्टिमचा जीसीसी, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर, 4.8.5. नवा टाका म्हटलं की "बघू" असं उत्तर येतं. म्हणून कोंडाचं (रूटशिवाय पॅकेज बसवू देणारं) एन्व्हायर्नमेंट बनवून त्यात जीसीसी 12 घेतला. तो बसला छान, पण त्याचं नाव जीसीसी नाही. एक्स86_64-कोंडा-लिनक्स-जीएनयू-जीसीसी असं लांबलचक नाव आहे. खाली मी त्याला "लांबनाव" म्हणेन.

बिल्ड काय करायचंय: पावसाच्या आकडेवारीवर चालणारा एक जुना प्रोग्रॅम. बराचसा सी, थोडा सी++, मेकफाइल (बिल्डचे नियम) हातानं लिहिलेली. त्याला नेटसीडीएफ लायब्ररी लागते, आणि वर एक छोटं पायथॉन मॉड्यूल आहे. एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केल्यावर कोंडा स्वतःच सीसी व्हेरिएबलमध्ये (कंपायलरचं नाव सांगायची जागा) लांबनाव भरतं. एको करून बघितलं, बरोबर आहे. तरी मेक दिलं की हे येतं:

एरर: 'फॉर' लूप इनिशियल डिक्लरेशन्स आर ओन्ली अलाउड इन सी99 मोड

-एसटीडी=सी99 लावून हा एरर गप्प बसवता येईल, पण मला कंपायलरच नवा वापरायचा आहे. नाव एकदा सांगितलं की सगळ्यांनी ऐकलं, असं करता येतं का?

(मोबाइलवरून लिहितोय म्हणून कमांडही देवनागरीत. टाइप करताना अर्थात रोमन, आणि सीसी, सीएक्सएक्स, सीफ्लॅग्ज ही कॅपिटल.)

मेकफाइलवाला:

तो एररच साक्षीदार आहे. जीसीसी 5 पासून, म्हणजे 2015 पासून, काही न सांगता जीएनयू11 ही बोली धरली जाते. त्याआधी जीएनयू89 होती, आणि तिच्यात फॉरच्या कंसात इंट आय लिहिलेलं चालत नव्हतं. म्हणजे तुमचा 12 नंबरवाला या फाइलपर्यंत पोचलेलाच नाही, 4.8.5 च चालतोय.

मेक -एन द्या. त्यात काही कंपाइल होत नाही, नुसत्या कमांड छापल्या जातात. पहिल्या चार-पाच ओळी इथे टाका, आणि मेकफाइलमध्ये सीसी कुठे कुठे आहे तेही.

पर्जन्यमापक:

मेक -एन:
जीसीसी -ओ3 -वॉल -आयइन्क्लूड -सी वाचन.सी
जीसीसी -ओ3 -वॉल -आयइन्क्लूड -सी सरासरी.सी
जी++ -ओ3 -सी जाळी.सीपीपी

मेकफाइलच्या डोक्यावरच "सीसी = जीसीसी" आहे. सी++ च्या कंपायलरचं नाव सांगणारं सीएक्सएक्स कुठेच नाही, शेवटच्या नियमात थेट जी++ लिहिलंय.

मेकफाइलवाला:

सापडलं. जीएनयू मेकमध्ये मान असा चालतो: कमांडच्या ओळीवर दिलेलं सगळ्यात वर, त्याखाली मेकफाइलमध्ये लिहिलेलं, त्याखाली एन्व्हायर्नमेंट, आणि तळाला मेकच्या पोटातली ठरीव मूल्यं. तुमचं एक्स्पोर्ट तिसऱ्या पायरीवर उभं आहे, दुसऱ्या पायरीवरच्या "सीसी = जीसीसी"नं ते झाकलं गेलं. म्हणून आत्तापुरतं असं द्या:

मेक क्लीन
मेक सीसी="$सीसी" सीएक्सएक्स="$सीएक्सएक्स"

मेक क्लीन विसरू नका. कंपायलर बदलला हे मेकला कळत नाही, ते फक्त फाइलींच्या वेळा बघतं. जुन्या .ओ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) तशाच राहिल्या तर निम्मा माल 4.8.5 चा आणि निम्मा 12 चा.

नियमात थेट लिहिलेल्या जी++ ला मात्र यानं काही होणार नाही. तिथे $(सीएक्सएक्स) लिहावंच लागेल.

मेक -ई नं एन्व्हायर्नमेंटला वरचा मान देता येतो, पण तो सरसकट सगळ्याच व्हेरिएबलना मिळतो. मी त्या वाटेला जात नाही.

तळटीप:

"सीसी ?= जीसीसी" करून टाका की. आधी दिलेलं असेल तर ते, नसेल तर जीसीसी. कायमचा प्रश्न मिटला.

मेकफाइलवाला:

@तळटीप, दिसतं तसं नाही हो. ?= चा अर्थ "अजून ठरलेलं नसेल तर ठरव". पण सीसी हे मेकच्या पोटात आधीच ठरलेलं असतं, जीएनयू मेकमध्ये त्याचं मूल्य सीसी हेच आहे, लहान लिपीतलं. त्यामुळे "?= जीसीसी" ही ओळ काहीच करत नाही. दोन ओळींची मेकफाइल करून बघा: वर "सीसी ?= जीसीसी-12", खाली एक नियम जो $(सीसी) एको करतो. अनसेट करून चालवलंत तर पडद्यावर नुसतं सीसी येतं. बऱ्याच मशीनवर सीसी म्हणजे जीसीसीच असल्यामुळे हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

पर्जन्यमापक यांच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे "सीसी = जीसीसी" ही ओळ सरळ उडवणं. मग एन्व्हायर्नमेंट जिंकतं, आणि तिथे काही नसेल तर सीसी. जीसीसीच हवा असा हट्ट असेल तर अट घालायची: $(ओरिजिन सीसी) हे डिफॉल्ट असेल तरच सीसी := जीसीसी.

तळटीप:

हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या तीन-चार मेकफाइलींत ?= आहे, आता उघडून बघणं आलं.

खोडरबर:

एवढी पायपीट कशाला? होममध्ये बिन फोल्डर करा, त्यात जीसीसी नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) लांबनावाकडे, जी++ ची तशीच, पाथमध्ये पुढे घाला. झालं. कोणाच्या मेकफाइलला हात लावायला नको. मी बरीच वर्षं हेच करतोय.

कोकणचा कर्नल:

@खोडरबर, चालतं. जीसीसी सिमलिंकचा माग काढून स्वतःचं घर शोधतो, त्यामुळे त्याच्यापुरतं ठीक. पण सगळे कंपायलर असे नसतात, काही जण आपल्याला कुठल्या नावानं हाक मारली ते बघून वागणं ठरवतात. क्लँग हा दुसरा एक कंपायलर, आणि क्लँग++ ही बहुतेक ठिकाणी क्लँगचीच सिमलिंक असते. नावाच्या शेवटी ++ दिसलं की तो सी++ च्या तोऱ्यात जातो आणि लिंक करताना सी++ ची लायब्ररी जोडतो. एआरएम-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ-क्लँग अशा नावानं बोलावलं तर पुढचा भाग वाचून एआरएमसाठी कोड काढतो. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून वेळ वाचवणारा) तर याच युक्तीवर जगतो, जीसीसी नावाच्या सिमलिंकनं बोलावलं की पाथमधला पुढचा खरा जीसीसी शोधतो.

दुसरं, पाथमध्ये कायमचा बसवलेला नकली जीसीसी उद्या दुसऱ्याच कामाच्या वेळी आडवा येतो. तेव्हा सिमलिंक केलीत तर ती प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा आणि त्या एका कमांडपुरतीच पाथला जोडा. बॅशआरसीत नको.

खोडरबर:

प्रोजेक्टपुरती ठेवायची हे मान्य. पण ज्या पॅकेजमध्ये शेल स्क्रिप्टच्या आत जीसीसी लिहिलेलं असतं आणि सोर्सला हात लावायची मुभा नसते, तिथे दुसरा इलाज सांगा.

कोकणचा कर्नल:

तिथे नाही दुसरा. मी पण तेच करतो :)

श्टुटगार्टकर:

आमच्या एम्बेडेडवाल्यांचं (उपकरणांतल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं) सगळं आयुष्यच वेगळ्या नावाच्या कंपायलरवर चालतं, म्हणून थोडं लिहितो.

पॅकेजसोबत ऑटोकॉन्फनं बनवलेली, मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट असेल तर सीसी हाताने द्यायच्या आधी --होस्ट=एआरएम-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ देऊन बघा. ऑटोकॉन्फ तो उपसर्ग घेऊन -जीसीसी, -एआर, -रॅनलिब, -स्ट्रिप सगळं स्वतः शोधतं. नुसतं सीसी दिलंत तर एआर आणि स्ट्रिप तुमच्या लॅपटॉपचेच राहतात. बराच वेळ सगळं सुरळीत वाटतं, आणि मेक इन्स्टॉलच्या वेळी स्ट्रिप म्हणतो, ही फाइल मी ओळखत नाही.

"सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स" हा संदेश आला की लोक कंपायलरच पुन्हा बसवायला घेतात. आधी कॉन्फिग.लॉग उघडा. एआरएम-नन-ईएबीआय-जीसीसीच्या बाबतीत तिथे हमखास _एक्झिट सापडलं नाही असं लिहिलेलं असतं. खाली ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, तर एक्झिट करून जाणार कुठे? --स्पेक्स=नोसिस.स्पेक्स दिलं की पोकळ फंक्शनं जोडली जातात आणि चाचणी पुढे सरकते.

आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं: काही पॅकेजेस बिल्डच्या मध्येच एक छोटा प्रोग्रॅम बनवून तिथल्या तिथे चालवतात, तक्ते नाहीतर हेडर तयार करायला. तो एआरएमच्या कंपायलरनं बांधला तर लॅपटॉपवर "एक्झेक फॉरमॅट एरर". त्याला वेगळं नाव द्यावं लागतं. लिनक्स कर्नलमध्ये होस्टसीसी, बऱ्याच जीएनयू पॅकेजमध्ये सीसी_फॉर_बिल्ड. पर्जन्यमापक यांचं क्रॉस (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बांधणं) नाही, त्यांना हे लागणार नाही, पण धागा शोधत कोणी आलं तर असावं.

पर्जन्यमापक:

सगळ्यांचे आभार. मेकफाइलमधली ओळ उडवली, जी++ च्या जागी $(सीएक्सएक्स) केलं. आता मेक -एन मध्ये लांबनाव दिसतं, फॉरचा एररही गेला.

नवी भानगड: "नेटसीडीएफ.एच: नो सच फाइल". नेटसीडीएफ त्याच कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे, इन्क्लूड फोल्डरात फाइल डोळ्यांनी बघितली. म्हणून मेकच्या ओळीवर सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरचे पर्याय) तो पत्ता -आय लावून दिला, तर प्रोग्रॅमची स्वतःची हेडर्स सापडेनाशी झाली! एकाला धरलं की दुसरं सुटतं.

मेकफाइलवाला:

मेकफाइलमध्ये "सीफ्लॅग्ज = -ओ3 -वॉल" आणि खाली कुठेतरी "सीफ्लॅग्ज += -आयइन्क्लूड" असं आहे ना? मघाच्या मान-पानाचाच हा दुसरा भाग. कोंडा ॲक्टिव्हेट करताना नुसतं सीसी देत नाही, सीफ्लॅग्ज, सीपीपीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्जही (लिंक करतानाचे पर्याय) देतं, आणि स्वतःच्या इन्क्लूड फोल्डरचा पत्ता त्यातच असतो. तुमच्या मेकफाइलनं = लिहून तो पुसला. मग तुम्ही कमांडच्या ओळीवर सीफ्लॅग्ज दिलंत, तर त्याचा मान सगळ्यात वरचा, त्यामुळे मेकफाइलमधली += सुद्धा गुमान बाजूला पडली. += ला तिथे किंमत हवी असेल तर तिच्याआधी ओव्हरराइड लिहावं लागतं.

सोपं करा. प्रोग्रॅमला जे लागतंच, म्हणजे -आयइन्क्लूड वगैरे, ते वेगळ्या नावात ठेवा, समजा माझेफ्लॅग्ज. नियमात दोन्ही लिहा: $(सीसी) $(माझेफ्लॅग्ज) $(सीपीपीफ्लॅग्ज) $(सीफ्लॅग्ज). सीफ्लॅग्ज बिल्ड करणाऱ्याचं, त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही.

एलडीफ्लॅग्जचंही तेच करा, नाहीतर पुढचा खड्डा मला आत्ताच दिसतोय.

पंचकार्ड:

जरा उशिरा येतोय. मागचंही थोडं सांगतो, कारण नावांचा घोळ आजचा नाही.

युनिक्सवर सी कंपायलरचं नाव सीसी. जीएनयूचा कंपायलर 1987 साली आला तो जीसीसी नावानं, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही नांदू शकत. सोलारिसवर तर सीसी नावाची फाइल असायची आणि चालवली की "लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड" एवढंच म्हणायची. नाव होतं, कंपायलर नव्हता. पॉझिक्सनं (युनिक्सच्या प्रमाणानं) मग सी89 आणि पुढे सी99 अशी नावं ठरवली, म्हणजे नावातच बोलीची हमी. मेकफाइलवाले मात्र जीसीसीच लिहीत राहिले.

आज फ्रीबीएसडीवर 10.0 पासून, म्हणजे 2014 पासून, मूळ सिस्टिमचा सीसी म्हणजे क्लँग. ओपनबीएसडीच्या पोर्ट्समधून जीसीसी घेतलात तर त्याचं नाव ईजीसीसी. मॅकवर जीसीसी टाइप केलंत तर उत्तर ॲपल क्लँग देतो.

आता @पर्जन्यमापक, तुमच्या कामाचं. नावं नुसती लिहिलेली नसतात, बिल्ड ती लक्षातही ठेवतं. नेटसीडीएफ बांधताना वापरलेला कंपायलर एनसी-कॉन्फिग --सीसी दिलं की कळतो. एचडीएफ5 या डेटा साठवायच्या लायब्ररीचा एच5सीसी हा तर कंपायलरवर घातलेला सदराच आहे, आत ज्यानं एचडीएफ5 बांधलं त्याचं नाव शिवलेलं. ते बदलायचं तर एचडीएफ5_सीसी. एमपीआयचं (अनेक प्रोसेसनी मिळून काम करायची सोय) असंच: एमपीआयसीसीच्या आत कोण आहे ते ओपन एमपीआयमध्ये ओएमपीआय_सीसीनं बदलता येतं, एमपिचमध्ये एमपिच_सीसीनं. म्हणून सीसी=एमपीआयसीसी दिलं की काम झालं असं धरू नका, एमपीआयसीसी -शो देऊन आतलं नाव बघा.

कोकणचा कर्नल:

पंचकार्ड काकांच्या "लक्षात ठेवतं" याला जोड. सीमेक (मेकफाइल बनवून देणारं अवजार) सीसी आणि सीएक्सएक्स फक्त पहिल्या वेळी वाचतं आणि उत्तर सीमेककॅश.टीएक्सटीमध्ये लिहून ठेवतं. नंतर कितीही एक्स्पोर्ट करा, ढिम्म हलत नाही. बिल्ड फोल्डर उडवायचं, नाहीतर 3.24 पासून आलेलं सीमेक --फ्रेश द्यायचं. मेसन या तशाच अवजारात --वाइप.

कर्नलवाल्यांनी नावाचा प्रश्न बरा सोडवलाय. 5.7 पासून एलएलव्हीएम=1 दिलं की क्लँग, एलएलडी, एलएलव्हीएम-एआर अशी सगळी पलटण एकदम बदलते. डेबियनवर क्लँग-15 अशी शेपटीवाली नावं असतात, त्यासाठी 5.18 पासून एलएलव्हीएम=-15 चालतं. उणे चिन्हासकट.

चकली_भाजणी:

मॅकवाल्यांसाठी एक वाक्य: होमब्र्यूचा जीसीसी हवा असेल तर सीसी=जीसीसी-14 असं आकड्यासकट द्या. नुसतं जीसीसी दिलंत तर क्लँग येतो, आणि -एफओपनएमपी दिल्यावर "अनसपोर्टेड ऑप्शन" म्हणतो.

तळटीप:

अजून एक. सीसी="सीकॅश जीसीसी" असे दोन शब्द दिले तर? माझ्याकडे एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी "सीकॅश जीसीसी: कमांड नॉट फाउंड".

मेकफाइलवाला:

मेकमध्ये चालतं, कारण ते मजकूर जसाच्या तसा शेलकडे देतं आणि शेल शब्द तोडतं. शेल स्क्रिप्टमध्ये कोणी "$सीसी" अवतरणात लिहिलं असेल तर दोन शब्दांचा मिळून एकच प्रोग्रॅम शोधला जातो. एरर नीट वाचलात तर त्यात पूर्ण नाव मधल्या जागेसकट आहे. सीमेकमध्ये त्यासाठी सीमेक_सी_कंपायलर_लाँचर असं वेगळं खातंच आहे.

पर्जन्यमापक:

मुख्य प्रोग्रॅम बांधला गेला! आणि चालवल्यावर लगेच:

/लिब64/लिबएसटीडीसी++.एसओ.6: व्हर्जन 'जीएलआयबीसीएक्सएक्स_3.4.20' नॉट फाउंड

मेकफाइलवाला यांनी सांगितलेला खड्डा हाच असणार.

मेकफाइलवाला:

हाच. बांधताना 12 ची सी++ लायब्ररी होती, चालताना सिस्टिमची 4.8.5 ची मिळाली, आणि तिची धाव 3.4.19 पर्यंतच. एलडीडी (प्रोग्रॅम कुठल्या लायब्रऱ्या उचलतो ते दाखवतं) देऊन बघा, /लिब64 दिसेल. कोंडाच्या एलडीफ्लॅग्जमध्ये -डब्ल्यूएल,-आरपाथ असतं, ज्यानं प्रोग्रॅमच्या अंगावरच लायब्ररीचा पत्ता लिहिला जातो. तुमच्या लिंकच्या ओळीत $(एलडीफ्लॅग्ज) नाहीये, किंवा वर = नं पुसलंय. एलडी_लायब्ररी_पाथ एक्स्पोर्ट करूनही चालेल, पण मग ते प्रत्येक जॉब स्क्रिप्टमध्ये आठवणीनं लिहावं लागेल, आणि त्याच शेलमधले सिस्टिमचे इतर प्रोग्रॅमही नवी लायब्ररी उचलतील. आरपाथच बरा.

आणि लिंक $(सीएक्सएक्स) नं करा. सी++ ची एक जरी .ओ असेल तरी.

श्टुटगार्टकर:

कुठली .ओ कोणी बांधली याची शंका असेल तर रीडएल्फ -पी .कॉमेंट सरासरी.ओ. कंपायलर आपली सही तिथे सोडून जातो, "जीसीसी" आणि आवृत्तीचा आकडा. हे .ओ वरच करा. तयार प्रोग्रॅमवर केलंत तर सुरुवातीच्या सीआरटी फाइलींची सहीही त्यात मिसळते, त्या ज्यानं बांधल्या त्याची. मग 4.8.5 बघून उगाच घाबरायला होतं.

पर्जन्यमापक:

केलं. वाचन.ओ, सरासरी.ओ, जाळी.ओ, तिन्हींवर 12. तयार प्रोग्रॅमवर खरंच दोन सह्या आहेत, आधी वाचलं नसतं तर पुन्हा शोधत बसलो असतो. आरपाथ लागला, प्रोग्रॅम चालतोय, गेल्या मोसमाच्या फाइलीवर जुन्या मशीनइतकेच आकडे येतात, शेवटच्या दशांश स्थळाचा फरक सोडून.

पायथॉन मॉड्यूल उरलंय. पिप इन्स्टॉल अर्ध्या सेकंदात "सक्सेसफुली" म्हणतं, मला ते संशयास्पद वाटतंय.

पंचकार्ड:

संशय रास्त आहे. पिपनं पूर्वी बांधलेलं व्हील (तयार पॅकेज) कॅशमधून काढून दिलं असेल. पिप इन्स्टॉल --नो-कॅश-डिर -व्ही द्या, म्हणजे खरी कमांड दिसेल. पायथॉनलाही तो स्वतः कुठल्या कंपायलरनं बांधला गेला ते पाठ असतं, सिसकॉन्फिगला गेट_कॉन्फिग_व्हार('सीसी') विचारा. एन्व्हायर्नमेंटमध्ये सीसी असेल तर सेटअपटूल्स ते आधी घेतं, म्हणून त्याच ॲक्टिव्हेट केलेल्या शेलमधून चालवा. आर भाषा वापरणारे कोणी असतील तर त्यांची जागा वेगळी, होममधली .आर/मेकव्हार्स फाइल.

तळटीप:

जाता जाता: हुरूप येऊन थेट जीसीसी 14 वर जाऊ नका. न सांगितलेलं फंक्शन वापरलं तर आधी नुसती वॉर्निंग यायची, 14 पासून एरर येतो. क्लँगमध्ये हे 16 पासूनच आहे. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या चाचण्यांमध्येच असा ढिला कोड असतो. चाचणी कंपाइल होत नाही, आणि स्क्रिप्ट समजते की मशीनवर ती सोय नाही. एरर काहीच दिसत नाही, सोय मात्र गुपचूप बंद.

कोकणचा कर्नल:

+१. जुन्या कंपायलरनं बनलेली कॉन्फिग.एच बाजूला ठेवून नव्याशी डिफ मारा, पळालेली सोय तिथे दिसते.

पर्जन्यमापक:

@पंचकार्ड काका, व्हील कॅशमधलंच होतं. -व्ही दिल्यावर लांबनाव दिसलं आणि या वेळी बांधायला व्यवस्थित वेळ लागला. इम्पोर्ट होतंय. 12 वरच राहतो. बदललेली मेकफाइल गाइडना पाठवली, त्यांनी विचारलं, "ती जीसीसीची ओळ का काढलीस?" त्यांना याच धाग्याची लिंक दिली आहे.